द्राक्षातला रेसिड्यू ‘कन्फर्म’ कसा करायचा: घडापासून रिपोर्टपर्यंत, क्रमाने

लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न विचारते. द्राक्षात क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक सापडलं, किलोला ०.०२६ मिलीग्रॅम आलं, आता कन्फर्म कर म्हटलं तर काय करशील? दहातले आठ जण सांगतात, तीच व्हायल (अर्काची छोटी बाटली) मशीनमध्ये परत इंजेक्ट करीन, तीनदा करीन, आकडा तोच आला की कन्फर्म. आणि हे फक्त नवीन मुलांचं नाही, चांगली पाच-सहा वर्षं मशीनवर बसलेले लोकही हेच करतात. तीच व्हायल तीनदा मारून एवढंच कळतं की मशीन तीनदा सारखं वागलं, बाकी सँपल बदललं होतं का, दळताना काही लागलं का, वजन चुकलं का, आणि मुळात तो पीक त्या औषधाचाच आहे का, यातल्या एकाचंही उत्तर त्यातून मिळत नाही. (या लेखात पीक म्हणजे क्रोमॅटोग्रामवरचा, मशीनच्या आलेखातला उंचवटा; शेतातल्या पिकाला मी माल किंवा बाग म्हणेन.)

म्हणून हा लेख, मालात उरलेला औषधाचा अंश, म्हणजे रेसिड्यू, तपासण्यावर. उदाहरण द्राक्षाचं घेतलंय कारण नाशिक-सांगलीकडच्या लॅबमध्ये जानेवारी ते एप्रिल दुसरं काही दिसतच नाही, पण डाळिंब, भेंडी, मिरची यांनाही क्रम हाच. पद्धत क्वेचर्स (सँपलमधून औषध पटकन अर्कात काढायची) धरली आहे, मोजणी एलसी-एमएस/एमएस आणि जीसी-एमएस/एमएसवर (एलसी द्रवातून आणि जीसी वायूतून औषधं वेगळी करते, एमएस/एमएस रेणूंच्या वस्तुमानावरून ती ओळखते). स्वीकारण्याचे निकष युरोपियन युनियनच्या, रेसिड्यू लॅबसाठीच्या सान्ते गाइडलाइनमधले आहेत, निर्यातीच्या कामात तेच चालतात.

टप्पा १: आधी कागदावर ठरवा, शोधायचं काय

सँपल फ्रीजमधून काढायच्या आधी तीन गोष्टी लिहून काढा: कोणतं औषध, कोणत्या देशाची एमआरएल (रेसिड्यूची कमाल मर्यादा), आणि त्या एमआरएलची व्याख्या काय. व्याख्येकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. कॅप्टनची युरोपातली व्याख्या फक्त कॅप्टनची नाही, कॅप्टन आणि त्याचं टीएचपीआय (कॅप्टन मोडून होणारा पदार्थ) यांची बेरीज कॅप्टनच्या रूपात. फोसेटिलमध्ये फॉस्फोनिक अॅसिडही धरतात, आणि ते पोटॅशियम फॉस्फोनेटच्या फवारणीतूनही येतं, त्यामुळे शेतकरी शपथेवर सांगतो की मी फोसेटिल मारलंच नाही आणि तो खरं बोलत असतो. डायमेथोमॉर्फचे दोन आयसोमर (तेच अणू, मांडणी वेगळी) दोन पीक देतात, दोन्ही बेरजेत हवेत. एकच पीक इंटिग्रेट करून (त्याचं क्षेत्रफळ मोजून) रिपोर्ट दिला तर आकडा निम्म्यावर येऊ शकतो.

दुसरं, प्रत्येक औषध क्वेचर्समध्ये येत नाही. मॅन्कोझेबसारखी डायथायोकार्बामेट्स येत नाहीत, त्यांचं स्टॅनस क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक अॅसिडने विघटन करून निघालेलं कार्बन डायसल्फाइड मोजतात. इथेफॉन, ग्लायफोसेट, फोसेटिल हे पाण्यात फार विरघळणारे, त्यांना अॅसिड घातलेल्या मेथॅनॉलची वेगळी पद्धत. क्लोरमेक्वाट म्हणजे आपल्याकडचं सीसीसी, तेही क्वेचर्समध्ये नीट उतरत नाही. २०१० मध्ये युरोपात गेलेली आपली द्राक्षं सीसीसीवरून अडकली ती आठवा. जे यादीत नाही ते ‘सापडलं नाही’ असं कुठेही लिहू नका, ते तपासलंच नाही असं असतं.

⚠ सावधान: रबरी हातमोजे घालून डायथायोकार्बामेटचं सँपल हाताळू नका. रबराच्या प्रक्रियेत त्याच कुळातली रसायनं वापरतात, त्यामुळे कार्बन डायसल्फाइड खोटंच वाढून येतं. नायट्राइलचे मोजेही आधी ब्लँक (औषध नसलेली कोरी तपासणी) काढून तपासलेले असूदेत.

टप्पा २: सँपल घेणं आणि आणणं

द्राक्षाचा एक घड साधारण पाव किलोच्या वरचा असतो, म्हणून कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांच्या) हिशोबाने तो मोठ्या युनिटमध्ये मोडतो: कमीत कमी ५ घड आणि कमीत कमी २ किलो. पाच घड एकाच वेलीचे घेतले तर ते पाच नाहीत, एकच आहे. बागेतून तिरकं चालत जा, ओळी बदला, वरचा, खालचा, आतला, बाहेरचा घड घ्या. बांधावरच्या शेवटच्या ओळी टाळा म्हणून सांगतात ते बरोबर आहे, पण शेजारच्या शेतातून औषध उडून आलं असेल अशी शंका असेल तर त्या ओळींचं सँपल वेगळं घ्या, मुख्य सँपलमध्ये मिसळू नका.

धुवायचं नाही. पुसायचं नाही. पावडर दिसली तरी झटकायची नाही.

आणि आता ती गोष्ट जी मी पुढे परत सांगणार आहे: सँपलचे दोन भाग जागेवरच करा, दोन्ही सील करा, त्यातला एक अख्ख्या घडांच्या रूपातच ठेवा. लॅबमध्ये त्याला काउंटर सँपल म्हणतात. तो दळायचा नाही, उघडायचाही नाही, उणे २० ला जाऊन बसायचा.

✔ तपासा: सीलवरचा नंबर, पावतीवरचा नंबर आणि रजिस्टरमधला नंबर मोठ्याने वाचून जुळवा, दोघांनी मिळून. सीझनमध्ये दिवसाला साठ सँपल आले की ६ आणि ९ ची अदलाबदल होतेच.

टप्पा ३: चिरणं, गोठवणं, दळणं

द्राक्षात देठ आणि दांडी काढायची, मणी सगळे घ्यायचे, साल-बी सकट. मणी सुटे करून आधी कडक गोठवा, मग ड्राय आइस टाकून दळा. गोठवून दळल्याने दोन कामं होतात, एक म्हणजे पीठ बर्फाच्या चुऱ्यासारखं एकसारखं बारीक होतं आणि दुसरं म्हणजे क्लोरोथॅलोनिल, कॅप्टन अशी नाजूक औषधं दळतानाच मोडत नाहीत. नेहमीच्या तापमानाला मिक्सर फिरवला की सालीतली एन्झाइम आणि रस एकत्र येतात आणि काही औषधं तिथेच संपतात, मग पुढे कितीही भारी मशीन असो.

ड्राय आइस घातलेलं पीठ लगेच घट्ट झाकणाच्या बाटलीत भरायचं नाही. रात्रभर फ्रीजरमध्ये सैल झाकण ठेवा, गॅस निघून जाऊदे. नाहीतर बाटली फुगते, फुटते, आणि वजन करताना आत उरलेल्या ड्राय आइसचं वजनही दहा ग्रॅममध्ये धरलं जातं. कमी रिकव्हरीचं (टाकलेल्या औषधापैकी किती टक्के परत मिळालं, त्याचं) हे एक कारण लोकांना महिनोन्महिने सापडत नाही.

इथे माझा स्वतःचा अनुभव सांगते कारण त्यानेच मला शिकवलं. मी तेव्हा ज्या लॅबमध्ये होते तिथे फेब्रुवारीत एका बागेच्या द्राक्षात क्लोरपायरीफॉस ०.०२६ आलं. युरोपात २०२० पासून त्याची मर्यादा ०.०१ मिलीग्रॅम प्रति किलो, म्हणजे माल गेलाच. शेतकरी फवारणीची डायरी घेऊन दारात उभे, म्हणाले, “ताई, हे औषध आमच्या बागेत आलंच नाही ओ, दुकानदाराची बिलं बघा.” मी व्हायल परत मारली, तेच. दळलेल्या पिठातून नवीन दहा ग्रॅम घेऊन सगळं पहिल्यापासून केलं, ०.०२४. मला वाटलं झालं कन्फर्म. मग वरिष्ठांनी काउंटर सँपल उघडायला लावला, वेगळ्या भांड्यात दळला, आणि त्यात क्लोरपायरीफॉसचा मागमूस नाही. शोधत शोधत दळायच्या भांड्याच्या झाकणातल्या रबरी रिंगपर्यंत पोचलो. रिंग काढली तर तिच्या खोबणीत लाल मिरचीचा चोथा चिकटलेला होता, आदल्या संध्याकाळी दळलेल्या सँपलचा. भांडं घासलेलं होतं, रिंग काढून कोणी घासलीच नव्हती, आणि तिथे शेवटचं काम मी केलेलं होतं.

म्हणून आता:

- झाकणाची रिंग, पात्याखालचा वॉशर, जारची बैठक, सगळं प्रत्येक सँपलनंतर सुटं करून घासा, मग अॅसिटोनने.
- मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता यांचं भांडं वेगळं ठेवा. जमत नसेल तर निदान शेवटी दळा.
- दिवसातून एकदा धुतलेल्या भांड्यात नुसता ड्राय आइस आणि ब्लँक द्राक्षं फिरवून तो दळण ब्लँक म्हणून पुढे चालवा.

टप्पा ४: वजन आणि एक्स्ट्रॅक्शन

५० एमएलच्या सेंट्रिफ्यूज ट्यूबमध्ये १० ग्रॅम पीठ, गोठलेलंच. ±०.१ ग्रॅमच्या आत ठेवा आणि खरा आकडा लिहा, सगळ्यांपुढे १०.०० लिहू नका. मग हा क्रम:

१. इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी मुद्दाम घातलेला, प्रमाण माहीत असलेला पदार्थ) घाला, थेट सँपलवर.
२. १० एमएल अॅसिटोनायट्राइल घाला, झाकण लावून १ मिनिट जोरात हलवा. पीठ अजून बर्फ असेल तर जास्त वेळ, गोळा पूर्ण सुटेपर्यंत.
३. आता मीठ: ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, १ ग्रॅम सोडियम क्लोराइड, १ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट, अर्धा ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट.
४. मीठ पडलं रे पडलं की लगेच हलवा, परत १ मिनिट.
५. सेंट्रिफ्यूज.

चुका इथे फार होतात. मॅग्नेशियम सल्फेट पाण्याशी भिडलं की तापतं, ट्यूब हाताला चांगलीच गरम लागते, आणि लगेच हलवलं नाही तर खाली खडा बसतो, त्या खड्यात सँपल अडकतं आणि रिकव्हरी पन्नासवर येते. आठ ट्यूबमध्ये आधी सगळं मीठ टाकून मग एकेक हलवायला घेणारा माणूस पहिल्या ट्यूबला बरोबर आकडा देतो आणि आठव्याला चूक. एक ट्यूब, मीठ, हलव, मग दुसरी. किंवा मग मशीन शेकर घ्या.

दुसरी चूक म्हणजे मीठ आधी आणि सॉल्व्हंट नंतर. तसं केलं की मिठाचा आणि सालीचा लगदा होतो आणि अॅसिटोनायट्राइल आत पोचतच नाही.

इंटर्नल स्टँडर्ड शेवटी, व्हायलमध्ये घालणारेही आहेत. त्याने मशीनचा चढउतार भरून निघतो, पण एक्स्ट्रॅक्शनमध्ये गेलेलं काहीच दिसत नाही. एक सुरुवातीला घाला, हवं तर दुसरं वेगळं शेवटी.

आपल्याकडच्या बऱ्याच द्राक्ष लॅबमध्ये इथाइल अॅसिटेटची पद्धत चालते, तीही चांगली आहे, मीही कितीतरी वर्षं तीच वापरली. फक्त दोन्हींची खिचडी करू नका. एका पद्धतीचं क्लीन-अप, दुसरीची रिकव्हरी आणि तिसरीचा स्टँडर्ड असं करून आलेल्या आकड्याला काही आधार राहत नाही.

✔ तपासा: प्रत्येक बॅचमध्ये सँपलच्या बरोबरीने या तीन ट्यूब चालल्याच पाहिजेत. एक रिएजंट ब्लँक, सँपलशिवाय. एक मॅट्रिक्स ब्लँक, औषध न मारलेली द्राक्षं. एक स्पाइक, त्याच ब्लँक द्राक्षात माहीत असलेलं औषध टाकून. तीनपैकी एक जरी नसली तर बॅच सुरूच करू नका.

टप्पा ५: क्लीन-अप, आणि त्यात काय हरवतं

वरचा थर घ्या, प्रत्येक एमएलला १५० मिलीग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि २५ मिलीग्रॅम पीएसए (नको ते शोषणारी पावडर), अर्धा मिनिट हलवा, सेंट्रिफ्यूज करा. पीएसए द्राक्षातली साखर आणि आंबट अॅसिडं धरून ठेवतो, म्हणून तर वापरायचा. पण तो अॅसिडी औषधंही धरतो. २,४-डी आणि त्याच्यासारखी सगळी कार्बोक्झिलिक अॅसिडं पीएसएवर बसतात आणि रिपोर्टमध्ये ‘नाही’ म्हणून येतात. त्यांच्यासाठी क्लीन-अपच्या आधीचा कच्चा अर्क वेगळा ठेवा.

काळी द्राक्षं आली, शरद किंवा जंबो, की अर्क जांभळा दिसतो आणि हात आपोआप ग्राफाइटच्या काळ्या पावडरीकडे जातो. जपून. ती पावडर रंग काढते खरी, पण कार्बेन्डाझिम आणि थायाबेन्डाझोलसारखे सपाट रेणूही गिळते. रंग मशीनला एवढा त्रास देत नाही जेवढा गेलेला कार्बेन्डाझिम तुमच्या रिपोर्टला देतो.

पीएसएच्या संपर्कात अर्काचा पीएच वर जातो आणि कॅप्टनसारखी औषधं तिथे टिकत नाहीत. सेंट्रिफ्यूज झाला की लगेच अर्क वेगळा काढा आणि ५ टक्के फॉर्मिक अॅसिडचं अॅसिटोनायट्राइलमधलं द्रावण, प्रत्येक एमएलला १० मायक्रोलिटर घाला. ‘जेवून येऊन काढतो’ चालत नाही.

टप्पा ६: स्टँडर्ड

स्टँडर्ड म्हणजे शुद्ध औषधाचं, प्रमाण माहीत असलेलं द्रावण; त्याचा स्टॉक (मूळ दाट द्रावण) करताना कमीत कमी १० मिलीग्रॅम वजन, दशांशाच्या पाच घरांच्या तराजूवर. सर्टिफिकेटवरची शुद्धता हिशोबात धरा. ९६.५ टक्के शुद्ध पावडरला शंभर टक्के समजलात तर तेवढी चूक वर्षभर प्रत्येक रिपोर्टमध्ये जाईल. नवीन स्टॉक केला की जुन्याशी तुलना करा, १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर दोघांपैकी कोण चुकलं हे कळेपर्यंत दोन्ही बाजूला.

कॅलिब्रेशन (स्टँडर्डवरून मोजणीची रेषा काढणं) ब्लँक द्राक्षाच्या अर्कातच करा. नुसत्या सॉल्व्हंटमधला स्टँडर्ड आणि द्राक्षाच्या अर्कातला स्टँडर्ड सारखा वागत नाही. एलसीमध्ये द्राक्षाचा माल सिग्नल दाबतो, जीसीमध्ये उलट वाढवतो. दोघांच्या रेषेच्या उतारात २० टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडत असेल तर मॅट्रिक्स मॅच कॅलिब्रेशनला पर्याय नाही.

मग ब्लँक द्राक्षं कुठून आणायची हे सगळ्यांचं रडगाणं. बाजारातली ‘ऑरगॅनिक’ पेटी आणून तशीच वापरू नका. परसातल्या वेलीची मिळाली तर उत्तम, पण तीही आधी मशीनवर चालवून बघा. रिपोर्टिंग लिमिटच्या (ज्याच्या खाली आकडा देत नाही, त्या पातळीच्या) ३० टक्क्यांपेक्षा जास्त काही दिसलं तर त्या औषधासाठी ती ब्लँक नाही.

टप्पा ७: सिक्वेन्स (मशीनवर व्हायलचा क्रम) लावणं

सॉल्व्हंट, रिएजंट ब्लँक, मॅट्रिक्स ब्लँक, कॅलिब्रेशन खालून वर, परत सॉल्व्हंट, स्पाइक, सँपल, शेवटी परत कॅलिब्रेशन. सर्वात वरच्या स्टँडर्डनंतर सॉल्व्हंट नाही मारला तर पुढच्या सँपलला त्याचं उष्टं जातं. मोठा पीक आलेल्या सँपलनंतरचे दोन सँपलही मी संशयितच धरते आणि परत मारते. सुरुवातीच्या आणि शेवटच्या कॅलिब्रेशनमध्ये २० टक्क्यांपेक्षा जास्त घसरण दिसली की मी बॅच थांबवते आणि सोर्स (मशीनमधला आयन तयार होणारा भाग) साफ करते.

एलसीमध्ये शंभर टक्के अॅसिटोनायट्राइलमधला अर्क थेट मारला की सुरुवातीला येणारे पीक, असिफेट, मेथामिडोफॉस, ओमेथोएट, फाटतात, पसरतात. पाण्याने डायल्यूट करून मारा आणि तो डायल्यूशन फॅक्टर तिथल्या तिथे वहीत लिहा, कारण टप्पा ९ मध्ये तोच विसरतो.

टप्पा ८: ओळख पटवणं

खरं काम इथे आहे. आकडा बघायच्या आधी, म्हणजे स्क्रीनवर काँसन्ट्रेशनचा कॉलम झाकून, हे चार प्रश्न ह्याच क्रमाने विचारा.

पहिला, वेळ जुळते का? सँपलमधला पीक आणि त्याच सिक्वेन्समधल्या स्टँडर्डचा पीक यात ०.१ मिनिटापेक्षा जास्त फरक नको. मागच्या महिन्याच्या स्टँडर्डशी तुलना चालत नाही. आणि तो पीक कॉलमच्या डेड टाइमच्या (कॉलममध्ये न अडकणारा पदार्थ बाहेर यायला लागणाऱ्या वेळेच्या) निदान दुप्पट वेळेनंतर यायला हवा, त्याआधी सगळंच सांडपाणी वाहत असतं.

दुसरा, दोन ट्रान्झिशन (मूळ आयन→त्याचा तुकडा, वस्तुमानाच्या आकड्यांत) आहेत का? एक मोजायला, एक ओळखायला. इमिडाक्लोप्रिडसाठी २५६→२०९ आणि २५६→१७५. कार्बेन्डाझिमसाठी १९२→१६० आणि १९२→१३२. अॅझॉक्सिस्ट्रोबिनसाठी ४०४→३७२ आणि ४०४→३४४. क्लोरमेक्वाटची गंमत अशी की त्याच्यात क्लोरिन असल्यामुळे १२२→५८ बरोबर १२४→५८ हीसुद्धा दिसायला हवी. दोन्ही पीक नॉइजच्या तिप्पट तरी हवेत. दुसरा पीक बारीक आहे म्हणून ‘आहे असं धरू’ करायचं नाही.

तिसरा, दोघे एकावर एक बसतात का? दोन्ही ट्रान्झिशनचे माथे एकाच वेळेला, आकार सारखा. एकाला खांदा असेल आणि दुसऱ्याला नसेल तर आत दुसरं कोणीतरी लपलंय.

चौथा, आयन रेशो. यावर लोक नुसता हिरवा टिकमार्क बघतात, म्हणून हाताने करून दाखवते. आकडे समजावण्यापुरते आहेत. त्या दिवशीच्या सगळ्या कॅलिब्रेशन स्टँडर्डमध्ये इमिडाक्लोप्रिडचं १७५ चं क्षेत्रफळ भागिले २०९ चं, सरासरी ०.८० आली. ±३० टक्के म्हणजे ०.८० च्या ३० टक्के, ०.२४. खिडकी झाली ०.५६ ते १.०४. आता सँपल: २०९ चं क्षेत्रफळ १२,४००, १७५ चं ५,१००. भागाकार ०.४१. खिडकीच्या बाहेर. म्हणजे २०९ वर आपल्या औषधाच्या जोडीला द्राक्षातलं दुसरं काहीतरी बसलंय किंवा इमिडाक्लोप्रिड मुळात नाहीच. सॉफ्टवेअर तरीही काँसन्ट्रेशन छापेल, कारण त्याला फक्त २०९ मोजायला सांगितलंय. इथेच खोटे पॉझिटिव्ह जन्माला येतात.

रेशो चुकला तर काय करायचं? इंटिग्रेशनची बेसलाइन बघा, पण रेशो बसावा म्हणून बेसलाइन ओढू नका, ते फसवणंच आहे. अर्क पाच किंवा दहापट डायल्यूट करून परत मारा, अडथळा करणारा बाजूला पडतो का बघा. तिसरं ट्रान्झिशन लावा. ग्रेडियंट (कॉलममधल्या सॉल्व्हंटच्या प्रमाणातला बदल) हळू करून दोघांना वेगळं करा. आणि औषध जीसीत जाणारं असेल तर जीसीवर न्या. क्लोरपायरीफॉस एलसीवर ३५०→१९८ आणि ३५०→९७ ने दिसतं, जीसीवर ३१४→२५८ आणि ३१४→२८६ ने. दोन वेगळ्या मशीनवर, दोन वेगळ्या तत्त्वांनी तेच औषध तेवढंच आलं तर त्यासारखा पुरावा नाही.

⚠ सावधान: आयसोमर रेशोलाही चकवतात. सेब्युथायलाझिन आणि टर्ब्युथायलाझिन, दोघांचा २३०→१७४. इथे वेळेशिवाय कोणी वाचवत नाही, म्हणून पहिला प्रश्न पहिलाच.

⚠ आणि कॅप्टनच्या बाबतीत जीसीचा गरम इंजेक्टरच त्याला मोडून टीएचपीआय करतो. नुसतं टीएचपीआय वाढलेलं दिसलं तर ते द्राक्षातलं की इंजेक्टरमधलं, हे त्याच दिवशीच्या कॅप्टनच्या स्टँडर्डकडे बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

टप्पा ९: आता आकडा

ओळख पटली तरच कॉलम उघडा. १० ग्रॅमला १० एमएल, म्हणजे एक एमएल अर्कात एक ग्रॅम द्राक्ष. म्हणून अर्कात १० नॅनोग्रॅम प्रति एमएल म्हणजे मालात ०.०१ मिलीग्रॅम प्रति किलो. पाण्याने निम्मं केलं असेल तर मशीन ५ दाखवेल आणि तुम्ही दोनने गुणायचं. दरवर्षी कुणीतरी हे विसरतं आणि ०.०१८ चं ०.००९ होऊन माल पास होतो.

आर स्क्वेअर (रेषा बिंदूंना किती जुळते त्याचा आकडा) ०.९९ आला म्हणून खूश होऊ नका. वरचे दोन मोठे बिंदू रेषा ओढून घेतात आणि खालचा बिंदू ४० टक्के चुकलेला असतो, आणि आपली एमआरएल तर नेमकी खालीच आहे. प्रत्येक बिंदू रेषेवरून परत काढून बघा, खऱ्या किमतीच्या ±२० टक्क्यांत हवा. नसेल तर वेटिंग लावा (खालच्या बिंदूंना जास्त वजन द्या), किंवा रेंज छोटी करा. सर्वात वरच्या बिंदूच्या पुढचा सँपल डायल्यूट करायचा, रेषा लांबवायची नाही.

✔ तपासा: स्पाइकची रिकव्हरी. पद्धत व्हॅलिडेट करताना सरासरी ७० ते १२० टक्के आणि आरएसडी (आकड्यांतला चढउतार) २० टक्क्यांच्या आत. रोजच्या कामात एकट्या स्पाइकला ६० ते १४० चालतं. त्याच्या बाहेर असेल तर त्या औषधाचे त्या बॅचमधले सगळे आकडे रद्द, फक्त न आवडलेले नाहीत.

टप्पा १०: खरी कन्फर्मेशन

एमआरएलच्या वर काही आलं की इथून सगळं परत सुरू होतं, आणि इथे घाई करायची नाही, एक्स्पोर्टरचा दर दहा मिनिटांनी फोन आला तरी.

१. दळलेल्या, गोठवून ठेवलेल्या पिठातून दोन नवीन १० ग्रॅम घ्या. शक्य असेल तर दुसऱ्या अॅनालिस्टने, ज्याला पहिला आकडा माहीत नाही.
२. बरोबर नवीन रिएजंट ब्लँक, मॅट्रिक्स ब्लँक, आणि स्पाइक, तोही सापडलेल्या पातळीच्या जवळपास. ०.०२६ सापडलं असताना ०.५ चा स्पाइक घालून काही सिद्ध होत नाही.
३. टप्पा ८ चे चारही प्रश्न प्रत्येक भागाला वेगळे.
४. दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का? माझा नियम, ३० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर दळण एकसारखं झालेलं नाही, तिसरा भाग घ्या.
५. फवारणीची डायरी आणि निकाल एकमेकांशी भांडत असतील, किंवा त्याच दिवशी त्याच भांड्यात तेच औषध असलेलं दुसरं सँपल दळलं असेल, तर काउंटर सँपल उघडा, वेगळ्या भांड्यात दळा. पिठातच घाण गेली असेल तर पिठातून कितीही वेळा काढा, तेच येईल, वर सांगितलंय तसं.

काउंटर सँपल उघडताना सीलचा फोटो घ्या आणि ज्याचा माल आहे त्याच्या माणसाला समोर उभं राहूदे. यात लॅबचा अपमान नाही. त्याच्या वर्षभराची कमाई त्या पेटीत आहे.

टप्पा ११: रिपोर्टमध्ये काय लिहायचं

कन्फर्मेशनच्या भागांची सरासरी, अनिश्चितता, पद्धत, रिपोर्टिंग लिमिट आणि रेसिड्यूची व्याख्या, एवढं हवंच. युरोपात सरकारी कारवाईसाठी ५० टक्के अनिश्चितता धरतात, म्हणजे ०.०१ च्या एमआरएलला ०.०१५ आलं तर त्यातून ०.००७५ वजा करून उरलेलं बघतात, ते मर्यादेत बसतं. ०.०२६ मधून ०.०१३ गेले तरी उरतात ०.०१३, ते बसत नाही. पण निर्यातीच्या आधीच्या तपासणीत याच्या भरवशावर माल सोडू नका, खरेदीदार तुमची अनिश्चितता तुमच्या फायद्यासाठी वापरू देईलच असं नाही, आणि तिकडच्या लॅबचा आकडा तुमच्यापेक्षा थोडा वर आला की कंटेनर तिथेच थांबतो.

‘बीएलक्यू’ (मोजता येण्याच्या मर्यादेखाली) आणि ‘नाही’ यात फरक ठेवा. खाली काहीतरी आहे पण मोजण्याइतकं नाही, तेव्हा रिपोर्टिंग लिमिटपेक्षा कमी असं लिहा, लिमिटचा आकडा शेजारी. शून्य कधीच लिहू नका.

सगळे क्रोमॅटोग्राम, हाताने बदललेली प्रत्येक इंटिग्रेशन आणि बदलणाऱ्याचं नाव फाइलमध्ये राहूदे. उरलेलं पीठ आणि न उघडलेला काउंटर सँपल, माल पोचून तिकडची तपासणी होईपर्यंत उणे २० मधून हलवायचा नाही, फ्रीजर भरला तरी नाही. सीझनच्या मध्यात जागा नाही म्हणून जुने काउंटर टाकायला निघालेल्या मुलाला मी दरवर्षी थांबवते आणि दुसरा फ्रीजर मागवायला लावते.